प्राथमिक शिक्षकाचा पेशा : पत्करण्यापूर्वीचा विचार

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही संस्थेचे ऋणी आहो. या व्यासपीठावरून आजवर वैद्यक, स्थापत्य, हिशेबतपासणी, उद्योगधंदे अशा अनेक क्षेत्रांतील कर्तबगार मंडळींनी आपणांस मार्गदर्शन केले. परंतु ज्याच्या हाताखालून ही सर्व कर्तबगार मंडळी वयाच्या सहाव्या वर्षी गेली, त्या प्राथमिक शिक्षकाच्या पेशाविषयी येथे क्वचितच बोलले गेले. आमची अडतीस वर्षे या पेशात गेली. १९७५ साली एका द्विशिक्षकी शाळेवर आम्ही रुजू झालो आणि २०१३ साली निवृत्त झालो. तेव्हा या विषयावर आम्ही जे सांगू ते ऐकीव नसून हातून गेलेले आहे, एवढाच आमचा अधिकार.

आपला शिंपी समाज सुईदोऱ्यावर जगलेला. श्रीनामदेवांचे नाव सांगणाऱ्या या समाजात गावोगाव एक दुकान, एक यंत्र आणि ओटीवर कापडाचे गठ्ठे, असे घरोघरचे चित्र होते. तयार कपड्यांच्या बाजारपेठेने हे चित्र बदलले. मुले दुकान सोडून नोकरीकडे वळली, आणि खेड्यातल्या, बेताच्या परिस्थितीतल्या मुलाला जी नोकरी डोळ्यांसमोर सहज दिसे ती गुरुजींची. आमच्या पिढीत दहावी अथवा जुनी अकरावी उत्तीर्ण होऊन दोन वर्षांचे अध्यापन-शिक्षण घेतले की नेमणूक हाती पडत असे. आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत सातवीची फायनल उत्तीर्ण झालेला मुलगाही मास्तर होई. तो मार्ग आता तसा राहिलेला नाही. परंतु घराघरांतील समजूत मात्र तीच राहिली आहे. मुलास दुसरे काही जमले नाही तर डी. एड. करावे, आणि मुलीस घर सांभाळून नोकरी हवी असेल तर मास्तरीण करावी, हे दोन्ही सल्ले आजही दिले जातात. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत असे आमचे मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहो.

प्रथम या पेशाची परंपरा ध्यानी घ्यावी. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली व सावित्रीबाई फुले तेथे शिकवू लागल्या. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्याच निवेदनात शिक्षकांविषयी त्यांनी जे म्हटले ते आपल्यासारख्या कारागीर समाजाने विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, ते लोकांत मिसळणारे असावेत, वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्यास त्यांस लाज वाटू नये, असे त्यांचे म्हणणे होते. प्रशिक्षित शिक्षकास कोठेही दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन असू नये, मोठ्या गावी ते १५ ते २० रुपये असावे, हेही त्यांनी तेथेच मांडले. म्हणजे शिक्षकाचा पगार हा शिक्षणाच्या दर्जाचाच एक भाग आहे, ही गोष्ट जोतीरावांनी त्या काळी ओळखली होती.

बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर, व कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले, कारण खेड्याला खेड्याचाच शिक्षक हवा हे त्यांना उमगले होते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी बालकांच्या अंगणात शाळा नेली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपविल्या गेल्या. अगदी अलीकडे, २०२० साली, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांस दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील अन्य शिक्षकांस वाटून दिली. ही परंपरा लहान नव्हे. ज्यांस तिचा अभिमान वाटणार नाही त्यांनी या वाटेस जाऊ नये.

आता या कामाचे स्वरूप पाहू. पहिलीच्या वर्गास शिकविणे सोपे, दहावीच्या वर्गास अवघड, असा लोकांचा ग्रह आहे. वस्तुस्थिती पुष्कळशी उलट आहे. दहावीच्या मुलास शिकावयाचे कसे, हे ठाऊक असते. पहिलीच्या मुलास ते आपण द्यावयाचे असते. एक उदाहरण देतो. आपण मुलास 'त्रेपन्न' लिहावयास सांगितले असता तो पुष्कळदा ३५ लिहितो. पालक म्हणतात, पोर मंद आहे. पोर मंद नसते, ते कानांशी प्रामाणिक असते. 'त्रेपन्न' या शब्दात तीन आधी ऐकू येतात व पन्नास मागाहून. लिहिताना मात्र पाच आधी लिहावे लागतात. 'एकोणतीस' ऐकून मूल ३९ लिहिते, कारण त्याने 'तीस' हा शब्द स्पष्ट ऐकलेला असतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत दिली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद माजला, हे आपणांस आठवत असेल. त्या रीतीविषयी मतभेद असू शकतो. परंतु ज्या अडचणीतून ती निघाली ती अडचण प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने वर्गात पाहिलेली आहे. काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे बांधून, पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या हाती देऊन, मग ते ५३ त्याच्याकडून लिहवून घेणे, हे काम शिक्षकास करावे लागते. हे ज्ञान पदवीने येत नाही. मुलाची चूक प्रेमाने न्याहाळल्याने येते.

भाषेचीही तीच कथा. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे मूल, खानदेशात अहिराणी बोलणारे, तांड्यावरचे गोरमाटी बोलणारे, गडचिरोलीतील गोंडी बोलणारे, ही सर्व मुले पहिल्या दिवशी जे पुस्तक उघडतात त्यातील मराठी त्यांस परकी असते. त्यांच्या भाषेतील पन्नास शब्द शिकून मग वर्गात पाऊल टाकणारा शिक्षक आणि 'यांना काही येत नाही' असे म्हणत खुर्चीवर बसणारा शिक्षक, यांच्या शाळांत वर्षअखेर जमीनअस्मानाचे अंतर पडलेले असते.

आपल्या व्यवसायातील दृष्टान्त द्यावयाचा तर, अंगावर माप घेतल्यावाचून कापडाला कात्री लावू नये, हे आपल्या घरातील लहान पोरासही ठाऊक असते. बाजारातील तयार सदरा सर्वांना सारखा. शिंप्याचा सदरा मात्र ज्याचा त्यालाच बसतो. चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस मापे असतात. त्यातून द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात. एका भिंतीकडे तोंड करून पहिली, दुसऱ्या भिंतीकडे तिसरी. एका इयत्तेस लेखनास बसवून दुसरीस शिकवावे लागते, आणि दोन्हींकडे कान ठेवावा लागतो. ही कला आहे, आणि ती शिकण्यास आमच्या अनुभवाने पाच वर्षे लागतात.

आता प्रवेशाचा मार्ग सांगतो. कारण येथेच आपल्या मुलांचे सर्वाधिक नुकसान अज्ञानामुळे होते. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणाचा हक्क कायदा अमलात आला व शिक्षकांची किमान पात्रता केंद्रीय स्तरावर ठरू लागली. इयत्ता पहिली ते पाचवीस शिकविण्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांची प्राथमिक अध्यापन-शिक्षणाची पदविका लागते. पूर्वी हिलाच डी. एड. म्हणत. बी. एड. झालेला उमेदवार या इयत्तांसाठी पात्र नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. तेव्हा पदवी घेऊन बी. एड. करून मग लहान मुलांस शिकवू, असा बेत करणाऱ्यांनी हे आधीच ध्यानी घ्यावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम ही किमान पात्रता व्हावी असे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणून प्रवेश घेताना त्या वर्षीचे नियम पाहावेत. शेजारच्या काकांच्या आठवणींवर विसंबू नये.

पदविकेनंतर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. महाराष्ट्रात ती प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली. प्रश्न १५०, गुण १५०, आणि सर्वसाधारण उमेदवारास उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. ही परीक्षा उत्तीर्ण झालो की नोकरी मिळाली, असा समज करून घेऊ नये. यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते. ती २०० गुणांची असून तिच्या गुणांवर पवित्र संगणकप्रणालीतून निवड होते. ही चाचणी २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये आणि नंतर २०२५ मध्ये. पहिल्या दोन चाचण्यांमधील अंतर पाहावे. एखाद्या उमेदवाराची पंचविशी अशा प्रतीक्षेत सहज निघून जाते.

ही प्रतीक्षा का ओढवली, तेही स्पष्ट बोलले पाहिजे. या शतकाच्या पहिल्या दशकात गावोगाव अध्यापक विद्यालये निघाली आणि जागांच्या मानाने कितीतरी अधिक पदविकाधारक बाहेर पडले. २०१२ साली शिक्षकभरती थांबविण्यात आली. मागाहून अनेक विद्यालये विद्यार्थ्यांवाचून बंद पडली. परंतु जे शिकून बाहेर पडले होते त्यांची वर्षे परत आली नाहीत. त्यांपैकी काहीजण आपल्याच समाजातील आहेत, आज या सभागृहातही असतील. त्यांच्या हातून काही प्रमाद घडला नव्हता. त्यांना कोणी आकडे दाखविले नाहीत, एवढेच. मेंढरामागून मेंढरू जावे तसे एका वर्षी सर्वांनी डी. एड. करावे आणि पुढच्या वर्षी सर्वांनी ते सोडावे, हा प्रकार आता तरी थांबावा.

द्रव्याचा विचार लाज न बाळगता करावा. जो शिक्षक कर्जात बुडालेला असतो त्याचे मन वर्गात राहत नाही. नेमणूक झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. ही योजना २००० साली आली. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दीर्घकाळ दरमहा ६,००० रुपये होते. ते जानेवारी २०२३ पासून १६,००० रुपये झाले. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी लागू होते. सातव्या वेतन आयोगानुसार तिचा आरंभ २९,२०० रुपये मूळ वेतनापासून होतो व त्यावर भत्ते मिळतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांस आमच्या पिढीचे निवृत्तिवेतन लागू नाही. त्याऐवजी अंशदानाच्या योजना आल्या व त्यांतही बदल होत गेले. त्या नीट समजून घ्याव्यात. याउलट, पुष्कळशा खाजगी विनाअनुदानित शाळांत काम तेवढेच आणि वेतन फार थोडे, अशी स्थिती आहे. संसार चालेल, ऐश्वर्य येणार नाही, आणि पहिली काही वर्षे घरच्यांचा आधार लागेल, असा हा हिशेब आहे.

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. जागेसाठी पैसे देण्याची वाट अनेक पालकांना अजूनही जवळची वाटते. शेत गहाण टाकून, दुकान विकून कोणा मध्यस्थाच्या हाती रक्कम ठेवणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. २०१९-२० च्या पात्रता परीक्षेतील गुण वाढवून घेतल्याचे प्रकरण २०२१ च्या अखेरीस उघडकीस आले आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे गेले, पात्रता गेली, आणि नाव गेले ते निराळेच. जो मनुष्य लाच देऊन वर्गात शिरला तो मुलांना 'खरे बोलावे' हा धडा कोणत्या तोंडाने शिकविणार?

नोकरीतील कष्टही सांगितले पाहिजेत. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी अशैक्षणिक कामे शिक्षकास देता येतात. प्रत्यक्षात त्यांच्याभोवती मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी, संगणकावरील माहिती, निरनिराळी सर्वेक्षणे यांचा पसारा वाढतो. पुष्कळ शाळांचा पट विसाच्या आत आला आहे आणि त्या टिकतील काय, ही टांगती तलवार तेथील शिक्षकाच्या डोक्यावर आहे. बदल्यांसाठी गावे अवघड व सर्वसाधारण क्षेत्रांत विभागली आहेत. घाटातल्या, पाड्यावरच्या शाळेची पाळी कधीतरी येणारच. शिवाय १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सेवेत असलेल्या व निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे. वीस वर्षे शिकविलेल्या शिक्षकांस पुन्हा अभ्यासास बसण्याचा प्रसंग आला. यावरून एकच बोध घ्यावा : या पेशात पुस्तक कायमचे मिटून ठेवता येत नाही.

आता भगिनींविषयी. 'घर सांभाळून करण्याजोगी नोकरी' म्हणून मुलींस या वाटेला लावणारे पालक हे विसरतात की पहिली नेमणूक माहेराजवळही नसते आणि सासरजवळही नसते. एकटीने परगावी खोली घेऊन राहण्याची, पावसाळ्यात ओढा ओलांडून जाण्याची, ग्रामसभेत उभे राहून शाळेच्या छपरासाठी भांडण्याची तयारी लागते. आपल्या मुलींत ती तयारी नाही असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती घरच्यांत नसते, असा आमचा अनुभव आहे. ज्यांना सून शिक्षिका हवी त्यांनी तिच्या बदलीच्या गावी वर्षभर तिच्याबरोबर राहण्याचीही तयारी ठेवावी.

मग हा पेशा कोणी पत्करावा? ज्यास लहान मुलांच्या गोंगाटाचा त्रास होत नाही. जो तीच गोष्ट दहा वेळा, दहा रीतींनी, आवाज न चढविता सांगू शकतो. ज्यास गाणे, चित्र, मातीकाम, शिवणकाम यांपैकी काही हाताने करता येते. ज्यास गावातील सर्व आळ्यांत सारख्याच मोकळेपणाने जाता येते, त्याने. कायद्याने मुलास मारणे निषिद्ध आहे, आणि खाजगी शिकवण्या घेण्यासही मनाई आहे. छडी व शिकवणी यांवाचून ज्यास आपली मास्तरकी चालविता येणार नाही असे वाटते त्याने दुसरा मार्ग पाहावा. जो आपल्या जातीचे मूल आणि परजातीचे मूल यांत तिळमात्र भेद करील त्यानेही येऊ नये. हे वाक्य आम्ही ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून मुद्दाम बोलत आहो. ज्ञाती आपणांस विद्यार्थिदशेत आधार देते, शिष्यवृत्ती देते, हे तिचे काम. परंतु शाळेच्या उंबऱ्याच्या आत शिक्षकास ज्ञाती नसते.

संस्थेस आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली : अध्यापन-शिक्षणाकडे वळू इच्छिणाऱ्या मुलामुलीने प्रवेशापूर्वी निदान पंधरा दिवस, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, एखाद्या प्राथमिक शाळेत बसावे, आणि याची व्यवस्था समाजातील निवृत्त शिक्षकांनी करावी. पंधरा दिवसांत पुष्कळांचा भ्रम दूर होईल, आणि थोड्यांचा निश्चय पक्का होईल. दुसरी : संस्थेच्या वाचनालयात पात्रता परीक्षा व अभियोग्यता चाचणी यांसाठी एक कपाट राखावे. प्रतीक्षेच्या काळात उमेदवाराच्या हाती दुसरे काही कौशल्य राहील अशी तरतूदही शिष्यवृत्तीच्या नियमांत करावी. तिसरी : पुढील वर्षापासून या समारंभात ज्यांचा सत्कार होईल त्यांत, परजिल्ह्यात पाड्यावर शिकविणाऱ्या एका शिक्षकाचे अथवा शिक्षिकेचे नाव असावे. ज्या कार्याचा समाज सत्कार करीत नाही त्या कार्याकडे त्याची हुशार मुले वळत नाहीत.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी ज्यांना पहिल्या क्रमांकाचे गुण मिळाले आहेत त्यांनीही या पेशाचा विचार करावा, एवढेच आमचे सांगणे आहे. दुसरे काही जमत नाही म्हणून येणाऱ्यांची या पेशास गरज नाही. पुष्कळ काही जमत असूनही जे हेच निवडतील त्यांची आहे. आम्हांस विचाराल तर अडतीस वर्षांत द्रव्य फारसे साठले नाही. परंतु ज्या मुलाने पाटीवर ३५ पुसून ५३ लिहिले आणि मान वर करून आमच्याकडे पाहिले, अशी मुले मोजता येणार नाहीत इतकी झाली. हा हिशेब ज्याला पटेल त्याने खुशाल यावे.